विशेषण चालणार नाही

डरहम, न्यू हॅम्पशायर
८ सप्टेंबर

प्रिय लारोश सर,
सादर नमस्कार.

उन्हाळाभर पत्र नाही, तेव्हा आधी कान पकडते. तुम्ही शाळेत धरायचात तसाच, डावा.

उन्हाळा गेला प्रस्ताव लिहिण्यात. तुमच्या मेपलच्या जंगलात गेले तीन हिवाळे जे केलं, तेच आता पाच वर्षांसाठी करायचंय. ठरलेल्या तुकड्यांवरचा बर्फ पडला की काढायचा, खालची जमीन उघडी गोठू द्यायची, आणि मग मुळांचं काय होतं, चैत्रपालवीच्या आधी खोडातून पाकाचा गोड रस किती उतरतो, ते पाहायचं. पुढे बर्फच कमी पडणार असेल तर या झाडांनी जगायचं कसं, हा प्रश्न. तुम्ही गावसभेत उठून म्हणाला होतात, "सरकारकडे माझ्या रानातला बर्फ काढायला पैसे आहेत, शाळेच्या रस्त्यावरचा काढायला नाहीत!" लोक अजून हसतात म्हणे.

यंदा पैसे देणाऱ्या मंडळाने सगळे नियम बदललेत. आमच्या कचेरीतल्या ब्रेंडा प्रुइटबाईंनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना बाकांवर बसवून शिकवणी घेतली. माझी माहिती त्यांच्याच नमुन्यात हवी, आणि ती माझ्याच हातून भरलेली हवी. परदेशात कुणाशी काही संबंध असेल तर तो आधी सांगायचा. समास किती, अक्षर किती मोठं, तेही ठरलेलं. हे सगळं आधी यंत्र तपासणार. कुठे चुकलं तर प्रस्ताव माणसापर्यंत पोचतच नाही, न वाचता परत.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे, जमीनमालकाचं पत्र. त्यात फक्त एक वाक्य, मंडळाने ठरवून दिलेलं:

"थीया विनस्लो यांचा प्रस्ताव निवडला गेल्यास, त्यात नमूद केल्याप्रमाणे माझी जमीन प्रकल्पाच्या संपूर्ण मुदतीसाठी उपलब्ध करून देण्याचा माझा इरादा आहे."

खाली सही, बस्स. शेवटची तारीख पंचवीस ऑक्टोबर आहे, म्हणजे वेळ आहे. मार्चमध्ये मुरगळलेला पाय आता कसा आहे?

तुमची,
थीया

*

ईस्ट केंडल, व्हरमाँट
१४ सप्टेंबर

प्रिय थीया,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी ओसरीवर बसलो आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. समोरच्या पायरीवर मांजर होतं, ते उठून गेलं.

पोरी, असलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं असतं तर तुम्ही पोरांनी मला गावाबाहेर काढलं असतं. श्वास घ्यायला जागा नाही, कुणाचा चेहरा नाही. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की पत्र म्हणजे दाराशी आलेला माणूस, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. आणि माझ्याच विद्यार्थिनीसाठी मी हे असं लिहू?

म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहिलं आहे. सोबत जोडलेली तीन पानं बघ. तू आठ वर्षांची असताना हिवाळी कार्यक्रमात बर्फाची कविता म्हणता म्हणता मध्येच थांबून "पण सर, हा खाली का पडतो?" असं विचारलंस आणि तुझ्या आईने तोंडावर हात ठेवला, ते त्यात आहे. शेगडीवर वाळत घातलेल्या ओल्या हातमोज्यांचा वास आहे. तू कशी जिद्दी, कशी प्रामाणिक, कशी झाडांच्या पायाशी गुडघे टेकून बसणारी, हे आहे. शेवटी माझ्याच दोन ओळी, वाईट आहेत पण माझ्या आहेत:

पांढरी दुलई पांघरून निजलंय सारं रान,
कोपरा तेवढा उचल पोरी, हळूच, ठेवून भान.

माझी ब्लांश असती तर म्हणाली असती, "आर्मंड, शास्त्रज्ञांना कविता पाठवतोस? त्यापेक्षा पाकाचा डबा पाठव." तोही पाठवतो आहे. यंदाचा जरा काळसर झालाय, पण चव मला तरी जुनी वाटली. आमचं मेपलचं गुऱ्हाळ या वर्षी शेजारच्या टटलनेच चालवलं, मी नुसता बाकावर बसून आच लहान-मोठी सांगत होतो.

पाय बरा आहे.

तुझा,
आर्मंड लारोश

*

डरहम
१९ सप्टेंबर

प्रिय सर,

तुमची तीन पानं वाचून मी कचेरीतच रडले. मग ती ब्रेंडाबाईंना दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून, उभ्या उभ्या, त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "इतकं सुंदर पत्र माझ्या टेबलावर आजवर आलं नाही. आणि हे जोडलंस तर मेलीस."

सर, हाच तर नवा नियम आहे. पूर्वी लोक मोठमोठ्या माणसांकडून कौतुकाची पत्रं आणून जोडायचे. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचं पुडकं जाड. म्हणून आता मंडळ म्हणतं, स्तुती नको, तुम्ही काय देणार तेवढं सांगा. एक शब्द जास्त झाला तरी अख्खा प्रस्ताव परत. ब्रेंडाबाईंनी गंमत म्हणून लाल पेन्सिलीने तुमच्या पत्रातली विशेषणं खोडून दाखवली. म्हणाल्या, "बघ, 'प्रामाणिक' गेलं, 'जिद्दी' गेलं, 'गुणी' गेलं. विशेषण चालणार नाही. विशेषणं मास्तरांना परत पाठव, म्हणावं मुलांच्या प्रगतिपुस्तकात वापरा." खोडलेली प्रत पाठवतेय. रागावू नका. मूळ पत्र माझ्याकडे आहे, ते मी कुणाला देणार नाही.

आणखी एक. जमिनीच्या कागदावर जितकी नावं असतील तितक्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. तुमचं एकट्याचंच आहे ना?

एरवी सांगितलं नसतं, पण सांगते. माझी नेमणूक जूनपर्यंतच आहे. हा प्रस्ताव गेला नाही, तर पुढच्या वर्षी मी इथे नसेन, बहुधा कुठेच नसेन. आणि तीन हिवाळ्यांच्या नोंदी फक्त तुमच्याच झाडांच्या आहेत. दुसरीकडे गेले तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तेव्हा कृपा करून ते कंटाळवाणं वाक्य लिहा. मांजराला आधी बाहेर काढा.

तुमची,
थीया

*

ईस्ट केंडल
२९ सप्टेंबर

प्रिय थीया,

उत्तराला उशीर झाला. पानं पिवळी व्हायला लागली की माझं कशात लक्ष लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. डोंगराच्या माथ्यावरून रंग खाली उतरतो आहे. पूर्वी आम्ही सगळी शाळा बाहेर काढायचो आणि प्रत्येकाने एका पानाला एक शब्द द्यायचा. तुमच्या वर्गातल्या त्या धाकट्या पोराने "गंजका" असा शब्द दिला होता, आणि बक्षीस त्यालाच मिळालं.

तुझं ते वाक्य मी रोज वाचतो. त्यातला "इरादा" हा शब्द मला टोचतो. इरादा कसला? माणसाचे इरादे हजार असतात. वसंतात ओसरी रंगवायचा माझा इरादा होता. "देतो" असं सरळ का लिहीत नाहीत? आणि "संपूर्ण मुदतीसाठी". पाच वर्षं. माझ्या वयाच्या माणसाला हे विचारणं म्हणजे थट्टाच नाही का?

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. लाल पेन्सील त्या चांगली चालवतात.

ओढ्यापलीकडचं टटलचं जंगलही काही वाईट नाही हं. झाडं तरुण आहेत, उतार कमी आहे. सहज मनात आलं म्हणून लिहिलं.

पेन नीट चालत नाहीये, म्हणून सध्या इतकंच.

तुझा,
आर्मंड लारोश

*

डरहम
४ ऑक्टोबर

प्रिय सर,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात वाक्य नव्हतं.

माझ्याकडून चूक झाली हे मला कळतंय. तुम्ही इतक्या मनापासून लिहिलेलं पत्र मी एका परक्या बाईला दाखवलं, तिने ते खोडलं, आणि वर मी ते खोडलेलं तुम्हालाच पाठवलं. आम्ही निबंध फाडून फेकला तर तुम्हाला काय वाटायचं, ते मी पाहिलेलं आहे. माफ करा. तुमच्या शब्दांना प्रस्तावात जागा असती तर मी पहिल्या पानावर दिली असती. पण नियमाने जागाच ठेवलेली नाही.

की तुम्हाला तिथे आमची वर्दळ नकोशी झालीय? तसं असेल तर सांगून टाका. दर बर्फाला चारचार माणसं, खांब, तारा, टटलच्या कुत्र्याचं भुंकणं. मला वाईट वाटेल, पण समजेल. टटलचं नाव काढलंत तेव्हाच मला शंका आली.

एवढं मात्र करा, रुसून गप्प बसू नका. शाळेत तुम्ही आम्हाला रुसू दिलं नाहीत.

तुमची,
थीया

*

ईस्ट केंडल
९ ऑक्टोबर

प्रिय थीया,

मी रुसलेलो नाही. तू तसं समजलीस, आणि मला क्षणभर बरंच वाटलं, कारण रुसवा ही खऱ्यापेक्षा सोपी गोष्ट होती.

मार्चमध्ये माझा पाय मुरगळला नव्हता. लाकडं आणताना पडलो आणि खुब्याचं हाड चिरलं. हाक ऐकू जाईल असं कुणी नव्हतं. टपालवाली बाई आली, तिला लाकडांच्या ढिगाशी माझी टोपी दिसली. आमची कोलेट बर्लिंग्टनहून धावत आली, आठवडे राहिली, आणि एके दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "पापा, पुढच्या वेळी टोपी दिसली नाही तर?" मी म्हटलं, "रान वीक मग."

बॉस्टनकडच्या लोकांना डोंगरउतारावर सुट्टीतल्या लाकडी खोल्या बांधायच्या आहेत. त्यांची कागदपत्रं आली आहेत. महिनाअखेर सह्या. ब्लांश गेल्यावर जमिनीवर कोलेटचंही नाव लागलं. तिचं काही चुकत नाही.

तुला सप्टेंबरमध्येच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तीन पानं कौतुक लिहिलं. ती खोडलेली प्रत आली तेव्हा मी थोडा चिडलो, आणि चिडून पेन्सील घेऊन बाईंनी सोडलेलं पुढे खोडायला लागलो. विशेषणं तर गेलीच होती. मग कविता खोडली. हातमोजे खोडले. तुझं लहानपण खोडलं. म्हटलं, आता खाली जे उरेल तेच खरं माझं पत्र. खाली काहीच उरलं नाही. तीन पानांत "जमीन देतो" असं कुठेही नव्हतं, थीया. मी ते न लिहिण्यासाठीच बाकी सगळं लिहिलं होतं, आणि हे मला एका अनोळखी बाईच्या पेन्सिलीने दाखवलं.

ते तुझं वाक्य मला अजूनही आवडत नाही. पण त्यात लपायला जागा नाही हे कबूल करतो. ते खोटं लिहिता येत नाही. म्हणून लिहिलेलं नाही.

टटलला विचार. तो हो म्हणेल. मला माफ करता आलं तर कर.

आर्मंड लारोश

*

डरहम
११ ऑक्टोबर

प्रिय सर,

खोटं लिहू नका. तसं पत्र मला नकोच.

टटलना फोन केला. ते "हो, हो, या की" म्हणाले. पण ब्रेंडाबाई म्हणतात, तीन वर्षांच्या नोंदी एका जंगलाच्या आणि प्रस्ताव दुसऱ्या जंगलाचा, हे यंत्राला चालेल, माणसांना नाही. तरी बघते काय जमतं ते.

जमिनीवरून मी रागावलेले नाही. तुम्ही बर्फात पडून होतात आणि मला "पाय मुरगळला" असं लिहिलंत, त्यावर मात्र खूप रागावले आहे. तो राग इतक्यात जाणार नाही.

थीया

*

बर्लिंग्टन, व्हरमाँट
१६ ऑक्टोबर

थीया,

तू मला शेवटची भेटलीस ती आईच्या अंत्यविधीला, म्हणून ओळख देते: कोलेट लारोश. शाळेत तुझ्यापेक्षा दोन यत्ता पुढे. तुझी कविता चुकली तर पापा तुला वर्गात उभं करायचे, माझी चुकली तर घरी जेवतानाही.

सोबत तुला हवं असलेलं पत्र आहे. एक वाक्य, दोन सह्या, त्यांची आणि माझी. तपासून घे, मी स्वल्पविरामसुद्धा मोजून घातलाय.

आता हे कसं झालं ते सांगते, कारण त्यांनी बजावलंय की तिला सांगू नकोस.

रविवारी वर पापांकडे गेले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले, बॉस्टनवाल्यांचा गठ्ठा आणि तुझं वाक्य. म्हणाले, "कोलेट, मला हे दुसरं लिहायचंय."

मी म्हटलं, "पापा, तुम्हाला जंगल विकायचं नाही, घर सोडायचं नाही आणि खाली माझ्याकडे यायचंही नाही. मी काय करू? दर आठवड्याला दोन तास गाडी हाकत तुमची टोपी दिसते का ते बघायला येऊ?"

"नको येऊस."

"असं कसं नको येऊस! बोलायला काय जातं तुमचं?"

मग त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. एरवी माझ्या बापाला गप्प बसवायला शाळेची घंटा लागायची. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "दोन्ही मागू नकोस. एक माग."

मी विचार केला, थीया. त्या पैशांत माझं घर कर्जातून मोकळं झालं असतं, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, "जंगल राहू दे. तुम्ही चला."

ते उठले, आईचा चहाचा पेला धुतला, जो कुणी वापरलेलाच नव्हता, आणि म्हणाले, "बर्फ पडायच्या आत येतो. सही कुठे करायची?"

मला तुझ्या मुळांचं फार काही पडलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. पण माझ्या बापाला एक वाक्य लिहायला महिना लागला, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तुला हे माहीत असावं म्हणून लिहिलं. ते पुढे तुला म्हणतील की मी स्वतःहून आलो. म्हणू दे.

कोलेट

*

डरहम
१८ ऑक्टोबर

प्रिय सर,

पत्र मिळालं. माझ्यासमोर आहे. ब्रेंडाबाईंनी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "निर्दोष." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मग तुझं तोंड असं का?"

कोलेटने सगळं लिहिलंय, कुणी न वापरलेला पेला तुम्ही धुतलात तेही. तिच्यावर चिडू नका.

सर, अजून आठवडा आहे. मी हे पाठवलं तर ते तुमच्या घराच्या बदल्यात. मी तुमच्या स्वयंपाकघरात बर्फावर गरम पाक ओतून खात, सोबत आंबट काकडी चावत वाढलेली मुलगी आहे. माझ्या नोकरीसाठी तुम्ही तिथून उठावं हे मला झेपत नाही. नियम सांगतो की सही कुणाची हवी. त्या सहीसाठी काय मोजावं लागलं, ते विचारायची जागा नमुन्यात नाही. म्हणून मी विचारते.

पाठवू का? तुम्ही नाही म्हणालात तर फाडून टाकीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. फोन तुम्ही उचलत नाही. टटलना सांगितलंय, हे पत्र आलं की लगेच नेऊन द्या.

थीया

*

ईस्ट केंडल
२१ ऑक्टोबर

प्रिय थीया,

पाठव.

टटल दारात उभा आहे, उत्तर घेऊनच जाणार म्हणतो, म्हणून थोडक्यात लिहितो.

तू स्वतःला यात फार मोठी करते आहेस. मला खाली जायचंच होतं, फक्त कारणासाठी अडून बसलो होतो. असा कुणीतरी सौदा मांडायला हवा होता की ज्यात मी नुसता हरलेला म्हातारा ठरणार नाही. हे घर मी पडलो म्हणून सुटलं असतं तर मला सोसलं नसतं. झाडं उभी राहावीत म्हणून सुटलं, हे सोसवतं. दोन्हींत घर सुटतंच, हे मलाही कळतं. पण मनुष्य शेवटी व्याकरणावर जगतो, वाक्याचा कर्ता कोण याला महत्त्व आहे.

आणि कोलेट खोटं बोलली. पेला मी वापरला होता.

आर्मंड लारोश

*

बर्लिंग्टन
३ जून

प्रिय थीया,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कोलेटने फाटकाशीच फोडलं आणि ओरडत आत आली, "पापा, निवडलं!" शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी जेवणाच्या खोलीत होतो. बसूनच राहिलो, कारण उठलो असतो तर काय केलं असतं ते माहीत नव्हतं.

चार परीक्षकांपैकी एकाने लिहिलं की जमिनीबद्दलची हमी स्पष्ट आहे, हे तू मुद्दाम कळवलंस. माझ्या लिखाणाला आजवर मिळालेला हा एकमेव लेखी अभिप्राय. "स्पष्ट." मी तो शब्द दिवसभर तोंडात घोळवला.

इथे माझं ठीक चाललंय, हे अर्धं खरं आहे. खिडकीसमोर नगरपालिकेने लावलेलं एक झाड आहे, तळ्याकडून वारा येतो. सकाळी जाग येते तेव्हा पाय पलंगाच्या चुकीच्या बाजूने खाली उतरतात, भिंतीवर आपटतात. रस उतरायच्या दिवसांत मला रात्री वाटायचं की बादल्यांत टपटप होतंय. ते नळाचं होतं. कोलेटने प्लंबर बोलावला. मला तो नळ तसाच राहिलेला चालला असता, पण बोललो नाही.

ती मात्र बदलली आहे. एप्रिलमध्ये मला न सांगता दोनदा वर जाऊन आली. पहिल्यांदा म्हणाली, छपराचे पत्रे उडालेत. दुसऱ्यांदा म्हणाली, वरच्या वाटेवर एक मोठं मेपल पडलंय, आणि ते कुठलं हे मला खुणा सांगून समजावू लागली, जणू मी ते कधी पाहिलंच नाही. मी ऐकून घेतलं. "ओढ्याकडून डावीकडे वळलं की," असं सांगताना तिचा हात ब्लांशसारखा हलत होता. काल तुझी बातमी आल्यावर विचारते, "पाच वर्षं म्हणजे पत्रे नवेच घालावे लागतील, नाही का?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस?" आणि ते बोलताना लक्षात आलं की हे मी रागाने बोललो नाही.

पाचही हिवाळे मी पाहीन असं नाही. तू त्याबद्दल काही लिहू नकोस, तुला लिहिता येणार नाही आणि मला वाचवणार नाही.

पहिल्या बर्फाला तुझी माणसं वर येतील तेव्हा घर उघडून घ्या, शेगडी पेटवा, ओल्या कपड्यांनी जंगलातून परत गाडीत बसू नका. किल्ली माझ्याकडे मागू नकोस. ती कोलेटकडे आहे. तिला आधी फोन कर, आणि नीट विचार, "कोलेट, तुझ्या रानात येऊ का?" असं. तिला तसं विचारलेलं आवडेल. आजवर कुणी विचारलेलं नाही.

तुझा,
आर्मंड लारोश